उन्हानं रापलेला रंग

"ताई, काही लावलंय असं कळायला नको, पण चेहरा जरा बरा दिसला पाहिजे."

भोरला एसटी स्टँडपासून थोड्या अंतरावर माझं पार्लर आहे आणि वर्षभर सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य हेच. लग्नसराईत नवऱ्यामुली येतात, त्यांना फोटोत उठून दिसायचं असतं आणि ते एका दिवसाचं काम असतं. एरवी येणाऱ्या बायका रोजचं विचारतात. शिरवळच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी मुलगी, वेळवंड खोऱ्यातल्या शाळेवर जाणाऱ्या बाई, नसरापूरला पतसंस्थेत काम करणारी कुणी, अंगणवाडी सेविका. वेल्ह्याकडं बचत गटांच्या बायकांना शिकवायला अधूनमधून मीच जाते. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, बोलण्यात मात्र अजून वेल्हेच येतं. तिथंही वाक्य हेच.

वाक्य एक असलं तरी त्यामागची कारणं निरनिराळी. एकीला आठ तासांच्या पाळीत घामानं ओघळणार नाही एवढंच हवं असतं. एकीला सासूच्या नजरेत यायचं नसतं. बाईंना वर्गात टवटवीत उभं राहायचं असतं. आणि बऱ्याच जणींना, त्या तोंडानं बोलल्या नाहीत तरी, आहे त्याहून थोडं गोरं दिसायचं असतं; शिवाय ते गोरेपण मुळातलंच आहे असं लोकांना वाटायला हवं असतं. या शेवटच्या मागणीशी माझं पटत नाही. चेहरा सहज दिसावा असं वाटत असेल तर स्वतःच्या रंगातच राहावं लागतं. रंग बदलायला निघालं की सहजपणा गेलाच. इतकी साधी गोष्ट आमच्या भागात पटवून द्यायला फार बोलावं लागतं.

कारण इथल्या बायकांचा चेहरा एकरंगी नसतो. हा भाताचा मुलूख आहे. जूनअखेरीपासून लावणी, मग बेणणी, दिवाळीच्या आगेमागे काढणी-झोडणी, वरच्या अंगाला नाचणी-वरई, उन्हाळ्यात जळण आणि पाणी. शेतावर जाणाऱ्या बाईचा पदर डोक्यावर असतो, म्हणून कपाळाचा वरचा भाग झाकलेला राहतो आणि गालाची हाडं, नाक, वरचा ओठ उन्हात रापतात. हनुवटीखालचा गळा सावलीत असतो, तो उजळ राहतो. हात कोपरापर्यंत सगळ्यात गडद. स्कूटीवरून शिरवळला किंवा कापूरहोळला जाणाऱ्या पोरींचं याच्या बरोबर उलटं. त्या स्कार्फनं सगळा चेहरा गुंडाळतात, उघडी राहते ती डोळ्यांभोवतीची पट्टी. दोन-चार वर्षं असा प्रवास केला की तेवढीच पट्टी काळवंडते, आणि त्या माझ्याकडं येऊन म्हणतात, डोळ्यांखाली काळं झालंय, झोप होत नाही म्हणून असेल. झोपेचा भाग थोडा असतो, बाकी ऊन.

फाउंडेशन जबड्याच्या कडेला लावून बघा, मानेशी जुळेल तो रंग घ्या, असं सगळीकडं शिकवतात. मीही तसंच शिकले. पण गळा उजळ आणि गाल रापलेले असताना गळ्याशी रंग जुळवला की चेहरा भिंतीला चुना दिल्यासारखा दिसतो. बाईला आरशात ते आधी आवडतं. घरी गेल्यावर लहान पोर विचारतं, आई, तू काय लावलंस?

मी काय करते ते सांगते. दाराजवळ खुर्ची टाकते, कारण ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात कुठलाही रंग खरा कळत नाही. चेहरा धुतल्यावर थोडा वेळ तसाच राहू द्यायचा, टॉवेलनं घासून आलेली लाली उतरू द्यायची. मग तीन जवळपासच्या रंगांच्या तीन बारीक रेघा गालाच्या मधोमधपासून जबड्याच्या कडेपर्यंत ओढायच्या आणि थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. हवा आणि चेहऱ्याचं तेल लागलं की बरीचशी फाउंडेशनं दहा-पंधरा मिनिटांत थोडी गडद होतात, म्हणून ओल्यावर निवडलेला रंग दुपारी वेगळाच दिसतो. तीनपैकी जी रेघ कातडीत विरून दिसेनाशी होते ती त्या बाईची. दोन विरल्या तर त्यातली गडद घ्यायची. उजळ घ्यावी असं मन म्हणतं, पण उन्हात बाहेर पडल्यावर गडदच खरी ठरते.

मग ती सगळ्या तोंडाला फासायची नसते. नाकाच्या दोन्ही कडा, ओठांचे कोपरे, हनुवटी, डोळ्यांखालचा आतला कोपरा, एवढ्या जागी रंग असमान असतो. तिथं बोटाच्या टोकानं थोडं लावून दाबत जायचं, पुसत ओढायचं नाही. बोटाच्या उबेनं ते कातडीत बसतं. मग ओला करून घट्ट पिळलेला स्पंज कडांवर टेकवायचा. गालांना शक्यतो काही लावायचं नाही. तिथली कातडी, तिच्यावरचे बारीक तीळ आणि लव दिसत राहिली की बघणाऱ्याला चेहरा चेहराच वाटतो. डोळ्यांखाली फार काळं असेल तर आधी नारिंगी झाकेची क्रीम लागते. सावळ्या कातडीवरचा काळेपणा निळसर असतो, त्यावर थेट उजळ कन्सीलर लावलं की राख फासल्यासारखं होतं. पावडर फक्त नाकाच्या बाजूंना आणि भुवयांच्या मध्ये. पावसाळ्यात आमच्याकडं हवा इतकी दमट असते की जास्तीची पावडर तासाभरात गोळा होऊन रेघांत बसते. काजळ आतल्या कडेला भरलं तर दुपारपर्यंत गालावर येतं, म्हणून या दिवसांत वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी बाहेरच्या अर्ध्या भागातच रेघ द्यावी. ओठांना फिकट बदामी लिपस्टिक लावण्याची हल्ली हौस आहे. आपल्या बायकांचे ओठ मुळात तपकिरी-जांभळट, त्यावर तो बदामी रंग आजारी दिसतो. विटकरी किंवा गडद गुलाबी बोटावर घेऊन ओठाच्या मधे दाबायची आणि कडेकडं विरवत न्यायची. हात बसला की हे सगळं चहा उकळेपर्यंत होतं.

खरी अडचण कौशल्याची नाही, मालाची आहे. तालुक्याच्या ठिकाणी दुकानात ज्या छटा येतात त्या गोऱ्या बाईच्या. तीन-चार नळ्या मांडलेल्या असतात, सगळ्या उजळ टोकाच्या. विक्रेत्याला विचारलं तर तो सांगतो, गडद माल पडून राहतो. पडून राहतो, कारण बाईनं तो कधी पाहिलेलाच नसतो आणि आपल्याला लागतो हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग ती उजळ नळी घेते आणि तिचा चेहरा राखाडी दिसतो. दोष मात्र स्वतःच्या रंगाला देते.

हा राखाडीपणा कुठून येतो ते समजून घेण्यासारखं आहे. फाउंडेशनच्या बाटलीत पांढरेपणा असतो टिटॅनियम डायऑक्साइडचा. त्यात कातडीचा रंग आणतात ती लोखंडाची ऑक्साइडं, पिवळं, तांबडं आणि काळं. जगातल्या बहुतेक सगळ्या छटा या तिघांच्या कमीजास्त मिसळणीतून होतात. गव्हाळ किंवा सावळ्या रंगाला पिवळं-तांबडं भरपूर लागतं. ते कमी आणि पांढरं जास्त झालं की सावळ्या कातडीवर राखेचा थर दिसतो. भोरच्या पश्चिमेला रायरेश्वराच्या पठारावर सात रंगांची माती आहे म्हणून लोक मुद्दाम बघायला जातात. शिवरायांच्या शपथेच्या परंपरेमुळं रायरेश्वर सगळ्यांना ठाऊक असतो, मातीची जागा थोडी आडबाजूला आहे. पिवळट, नारिंगी, तांबडी, जांभळट, करडी माती तिथं हातभर अंतरावर बदलत जाते. बेसॉल्टमधलं लोखंड पाण्यानं आणि हवेनं बदलत गेलं की मातीला असे रंग येतात. बाटलीतला रंग आणि त्या पठारावरचा रंग एकाच घराण्यातले आहेत. शिकायला येणाऱ्या पोरींना हे सांगितलं की त्यांना नवल वाटतं. मलाही अजून वाटतं. ज्या लोखंडानं आमचा डोंगर तांबडा केला त्यातूनच आमच्या बायकांच्या रंगाची बाटली भरता येते, आणि तरी ती आमच्या दुकानापर्यंत येत नाही.

देशी सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास तसा जुना आहे. परदेशी वस्तूंवर जाणारा पैसा देशात राहावा म्हणून टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली, पुढं सिमोन टाटांनी ती वाढवली. आपल्या हवेला आणि कातडीला धरून माल करायचा हा विचार त्यात होता. पण १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली, आणि खेड्यापाड्यातल्या टपरीपर्यंत जी पोहोचली ती गोरेपणाची नळी. रुपया-दोन रुपयांच्या पुडीतही ती मिळायची. २०२० मध्ये त्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. नाव बदललं हे बरंच झालं, पण तोवर दोन पिढ्यांनी आरशासमोर स्वतःच्या रंगाला नापास करून घेतलं होतं.

याची दुसरी बाजू मी भोरच्या राजवाड्यात पाहिली. तिथं आणि नीरेच्या काठानं चित्रीकरणं होत असतात, गर्दीतल्या माणसांसाठी आसपासच्या गावांतून बायका-पुरुष बोलावतात. एका चित्रीकरणाला मदतीला म्हणून मी गेले होते. हिर्डोशी खोऱ्यातल्या बायका रांगेनं बसवल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याला गडद तपकिरी रंग लावणं चालू होतं, गावाकडच्या वाटाव्यात म्हणून. त्या गावाकडच्याच होत्या. एकीनं मला हळूच विचारलं, "आमी पुरत्या काळ्या न्हाई का?" घरी उजळ नळी लावायची, कामावर गडद रंग लावून घ्यायचा, दोन्हीकडं तिचा स्वतःचा रंग चुकीचाच. त्या प्रश्नानं माझ्या कामाकडं बघण्याची माझी नजर बदलली.

आमच्या आज्या-पणज्यांकडं रोजचा साज होताच. फणेरपेटीत छोटा आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. सकाळी वेणी घातली की कपाळाला मेणाचं बोट लावायचं आणि त्यावर कुंकू दाबायचं. आज प्रायमर जे काम करतं ते तेव्हा मेण करत होतं, घामानं कुंकू ओघळत नसे. चांगलं कुंकू हळदीपासून होई, तिला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून तांबडी करायची. काजळ घरचं. एरंडेलाच्या दिव्यावर पितळेची ताटली उपडी धरून काजळी जमवायची, ती तुपात खलायची. गोंदण तर आयुष्यभराचं. कपाळावर, हनुवटीवर, हातावर हिरवट ठिपके. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, आणि तिच्या रापलेल्या चेहऱ्यावर ते इतके मुरलेले होते की ते वेगळे काढून बघायचं कधी मनातही आलं नाही. सहज दिसणं म्हणजे काय हे मला तिथून कळलं असावं.

तरी ते सगळं चांगलं आणि आजचं वाईट असं मी म्हणणार नाही. घरच्या काजळीत धुराचे कण असतात. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका असं डॉक्टर सांगतात ते ऐकायला हवं, बोटानं जंतू डोळ्यांत जातात. सुरम्याच्या दगडात शिसं असतं. हल्लीच्या स्वस्त कुंकवात हळद किती आणि रंग किती हे पुडीवरून कळत नाही, कपाळावर खाज आणि काळा डाग घेऊन बायका येतात. टिकलीच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, त्यानं काही जणींच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. लोक त्याला कोड म्हणून घाबरतात, आणि ती बाई डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावते. अशा वेळी टिकली काही महिने पूर्ण बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडं जायला सांगते. टिकली बंद करणं हे आमच्याकडं किती अवघड असतं ते पुढं येईलच.

पण खरी भीती वाटते ती वेगळ्याच नळ्यांची. चेहऱ्यावर वांग आले म्हणून बाई औषधाच्या दुकानात जाते, शेजारणीनं सांगितलेल्या क्रीमचं नाव घेते आणि दुकानदार ते देतो. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळतो, वांग फिकट होतात. ती खूश होते, बहिणीला सांगते. त्यात बहुधा बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइड. काही महिन्यांत कातडी पातळ होते, गालावर बारीक तांबड्या शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते, उन्हात गेलं की आग होते. क्रीम बंद केली की सगळं दुप्पट उसळतं, म्हणून ती पुन्हा लावते. त्वचारोगतज्ज्ञांनी यावर मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. माझ्याकडं येऊन, "ताई, हे तांबडं झाकून द्या," असं म्हणणाऱ्या बायका दर महिन्याला असतात. मी झाकून देत नाही. आधी नळी दाखवा म्हणते. नळी एकदम टाकूनही देऊ नये, ती डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू सोडायची असते.

त्याहून वाईट पारा घातलेली क्रीमं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा धागा त्या लावत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत गेला आणि तिच्यात पारा भरमसाट निघाला. पारा कातडीतला रंग तयार होणं रोखतो, त्यासोबत रक्तात उतरतो. म्हणून मी बायकांना एक सवय लावते. डबीवर करणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि आत काय आहे ते छापलेलं असतं का बघायचं. कायद्यानं ते असायलाच हवं. नसेल तर ती घरात ठेवायची नाही, मग सांगणारी कितीही जवळची असो. आणि आठवड्यात उजळवणारी कुठलीही क्रीम संशयाचीच.

वांग असलेल्या बाईला त्यापेक्षा कितीतरी बरा उपाय आहे. रंग असलेलं सनस्क्रीन. साधं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, पण वांग दिसणाऱ्या उजेडानंही वाढतात, आणि तो अडवायला तीच लोखंडाची ऑक्साइडं उपयोगी पडतात. शिवाय रंगामुळं वांग थोडे झाकलेही जातात, फाउंडेशनची गरज उरत नाही. दोन बोटांवर लांब रेघ येईल इतकं घ्यायचं. आभाळ भरलेलं असलं तरी लावायचं, ढगांतूनही ऊन पोचतं. लावणीच्या दिवसांत ते चेहऱ्यावर टिकत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तिथं मी इरल्याचाच आग्रह धरते. इरलं आता फार कुणाकडं नाही, टोपी तरी घाला.

कधी कधी चेहरा दुसरंच सांगत असतो. "लय निस्तेज झालेय, गालाला जरा लाली लावा" असं म्हणत कुणी बसली की मी तिची खालची पापणी हलकेच खाली ओढून बघते. आतला भाग फिका पांढुरका असेल तर लालीची डबी बंद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं होतं. मी डॉक्टर नाही, पण सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासायला पाठवू शकते आणि पाठवते. काही जणी रागावतात. पैसे द्यायला तयार असताना ही बाई नाही म्हणते, असं त्यांना वाटतं. लोहाच्या गोळ्या सुरू होऊन दोन-तीन महिने गेले की त्यातल्या काही परत येतात आणि लाली मागत नाहीत.

आता त्या "कळायला नको"कडं येते. शहरात कुणी असं म्हणते तेव्हा ती तिची आवड असते. आमच्याकडं पुष्कळदा ती परवानगीची गोष्ट असते. सून नटली की कुणासाठी नटली असं विचारणारं कुणीतरी घरात असतं. बघायच्या कार्यक्रमाला मुलीला नेमकं उलट सांगतात, गोरी दिसू दे, पण मेकअप दिसू देऊ नकोस. त्या कामाला मी दोन छटा उजळ लावून देत नाही, हे भोरमध्ये आता बहुतेकांना माहीत आहे. मुलीच्या आईला मी बाजूला घेऊन सांगते, काकू, लग्नानंतर ती रोज सकाळी धुतलेल्या तोंडानं त्या घरात वावरणार आहे. आज जो रंग दाखवाल तो तिला रोज राखावा लागेल. काही आया ऐकतात, काही दुसऱ्या पार्लरमध्ये जातात.

टिकलीचं सांगायचं राहिलं होतं. औषधांच्या आणि खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यांत आत जाताना मेकअप, टिकली, बांगड्या सगळं काढावं लागतं, मालात काही पडू नये म्हणून. नियम योग्यच आहे. तिथं काम करणाऱ्या एका नव्या लग्नाच्या मुलीनं मला सांगितलं, लॉकरच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही टिकल्या चिकटवतो, सुटताना पुन्हा लावतो. पहिले काही दिवस टिकलीशिवाय तिला उघडं पडल्यासारखं वाटलं, मग सवय झाली. आता रविवारी घरी ती कधी लावते, कधी नाही. सासूबाई बोलल्या, तर म्हणाली, "आई, कपाळाला खाज येते." तेवढ्यावर भागलं.

ज्यांच्यावर टिकली न लावण्याची सक्ती होती त्यांचं काय? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं थांबवायचं म्हणून. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसं करावं असं सांगितलं. ठरावानं सगळं बदलत नाही, पण विचारायची हिंमत येते. त्यानंतरच्या एका वर्गाला वेल्ह्याकडच्या एका गावातल्या, पन्नाशीच्या आसपासच्या बाई मागं बसल्या होत्या. सगळ्या उठल्यावर जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मला कायतरी चालंल का?" मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला काय आवडतं?" त्यांना काजळ आवडायचं. नवरा गेल्यापासून घातलं नव्हतं. कुंकू नको म्हणाल्या, ते त्यांनाच नको होतं, कुणाच्या भीतीनं नव्हे. मी वरच्या पापणीला बारीक रेघ काढली, बोटानं विरवली. त्यांनी आरसा थोडा लांब धरून पाहिलं आणि "रोज मलाच काढता येईल का?" असं विचारलं. हातात पेन्सिल देऊन मी त्यांच्याकडून ती काढून घेतली. पहिली वाकडी आली, दुसरी जमली. अशा बाईला "कळायला नको" ही ढाल असते, आणि ती ढाल मी काढून घेणार नाही. सहज दिसणारा मेकअप तिच्यासाठी तिची जागा हळूहळू परत मिळवण्याचा मार्ग आहे.

वेल्ह्याच्या वर्गाला जाताना मी फारसं काही नेत नाही. एक मोठा आरसा, पुण्याहून मागवलेल्या गडद छटांच्या नळ्या, दोन-तीन विटकरी लिपस्टिक, काजळाच्या पेन्सिली, सनस्क्रीन. दोन नळ्या मिसळून प्रत्येकीचा रंग तळहातावर कसा तयार करायचा ते शिकवते, कारण बाजारात नेमका मिळेल याची खात्री नसते, आणि भात काढणीनंतरचा रंग वेगळा, पावसाळा संपतानाचा वेगळा. सगळ्यांना तोंड धुऊन अंगणात बसवते आणि दोघी-दोघींच्या जोड्या करून एकमेकींच्या गालावर रेघा ओढायला सांगते. मग गलका सुरू होतो. शेजारीण म्हणते, "तुझी ही." तर दुसरी तिचा हात धरून म्हणते, "ही न्हाई, ही लय गोरी हाय. माजी ती खालची." ज्या बाईनं इतकं म्हटलं तिला पुढचं शिकवायला मला फार वेळ लागत नाही.